तिसरी कॅसेट पहिल्या नंबरावर

पांढुर्ण्याच्या बाजारगल्लीत अनिल कळंबेचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आत टेबलावर पोट उघडून ठेवलेले रेडिओ, आणि पुढे रस्त्याच्या बाजूला त्याच्या बायकोचं, अलकाचं, कॅसेटींचं काउंटर. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. गावात कॅसेटी विकणारी बाई तेव्हा एकटी अलकाच होती, आणि न विचारता मत देणारी दुकानदारही तीच. हिंदी सिनेमाची कॅसेट मागितली तर ती मुकाट्यानं काढून द्यायची. पण कोणी शाहीर गुणवंताचं नाव काढलं, की कपाटाकडे वळण्याआधी बोलायला सुरुवात करायची.

"वहिनी, गुणवंताची नवी आली म्हणे," बँकेतला सुरेश एकदा संध्याकाळी येऊन म्हणाला. "एक द्या."

"देते. पण आधीच सांगते, ही सहावी कॅसेट आहे आन सहाव्याच नंबरची आहे. तिसरी ऐकली का तुम्ही?"

"तिसरी जुनी झाली न आता."

"जुनी झाली म्हणून उतरली का जी? तिसरी घेऊन जा. नाही पटली तर आणून द्या, मी नवी देते."

सुरेश तिसरी घेऊन गेला. आतून अनिलनं मान वर काढली. "तू धंदा करून राहिली का बुडवून राहिली?"

"नवी नेली असती तर एकदाच आला असता," अलका म्हणाली. "आता पाहा, परत येते का नाही."

चार-पाच दिवसांनी सुरेश आला आणि पहिली मागू लागला. अनिलनं पुन्हा रेडिओत डोकं घातलं.

गुणवंता सौंसरकडचा. थोडी कोरडवाहू शेती, हंगामात कापसाच्या जिनिंगवर काम, आणि बाकी सगळा जीव खडी गमतीत. गंमत म्हणजे उभ्या उभ्या चालणारा शाहिरांचा खेळ. ढोलकी, टाळ, बाईच्या वेषातला नाच्या, आणि दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की सवाल-जवाब. गाणारे शाहीर पुष्कळ होते. गुणवंताचं वेगळं होतं. गाता गाता तो मधेच चाल सोडून द्यायचा आणि नुसत्या ढोलकीच्या ठेक्यावर बोलायला लागायचा. यमकाला यमक जुळत जायचं, श्वास कुठे घेतो ते कळायचं नाही, आणि समोरच्या गर्दीतल्या माणसाचं धोतर, टोपी, त्याची बैलजोडी, त्याची सासुरवाडी, काही सुटायचं नाही. लोक त्याला गुणवंताचा पट्टा म्हणत. पट्टा सुरू झाला की पानठेल्यावरची माणसं पान अर्धं सोडून धावत.

अलका त्याच भागातली, सौंसरच्या रघुनाथराव सावरकरांची मुलगी. घरची संत्र्याची बाग. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरायची, तिथे गंमत व्हायची, आणि तिचे भाऊ जायचे. मुलींनी जायचं नाही. गंमत चावट असते, एवढं एक कारण सगळ्यांना पुरायचं. भाऊ परत आले की गुणवंताच्या ओळी म्हणून दाखवायचे, पण त्यांना अर्ध्याच आठवत, आणि त्याही यमक तुटलेल्या. अलकाला त्या तुटक्या ओळींचाच राग यायचा.

लग्न होऊन पांढुर्ण्याला आली आणि दोन वर्षांत कॅसेटींचं पेव फुटलं. अनिलनं दोन डेक आणले, एकावरून दुसऱ्यावर कॅसेट भरून द्यायला. भरणारं माणूस पाहिजे होतं. तेव्हा भरायचं म्हणजे पूर्ण कॅसेट वाजू द्यावी लागायची. अलका बसली. तिनं भरलेल्या कॅसेटींमध्ये एक दिवस गुणवंताची पहिली निघाली, पुष्कळ वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लग्नात साध्या टेपवर घेतलेली. त्या दिवशी तिनं त्याला पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. यमकं कुठेही तुटली नव्हती.

मग नागपूरच्या एका कंपनीनं त्याला धरलं आणि वर्षा-दीड वर्षाला एक कॅसेट निघू लागली. एकेक कॅसेट भरता भरता अलकानं ती इतक्यांदा ऐकली, की कुठल्या ओळीनंतर शाहीर खाकरतो आणि कुठे टाळवाला चुकतो, हे तिला ठाऊक झालं. दुसरी तिला घाईची वाटली. चौथी चांगली, पण एका बाजूचीच. पाचवीत नाच्याचे विनोद जास्त आणि पट्टा कमी. सहावी मात्र तिनं पहिल्यांदा ऐकली आणि मधेच बंद केली. तसं तिनं आधी कधी केलं नव्हतं.

हे नंबर ती लपवत नव्हती. बाजारात येणाऱ्या खेड्यांवरच्या माणसांतून ते फिरत फिरत सौंसरच्या बाजूला पोचले. पांढुर्ण्याची कॅसेटवाली बाई गुणवंताला नंबर देते, आणि नवीला शेवटचा देते, अशी बोलवा झाली.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी काउंटरपुढे एक उंच, काळसर माणूस येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा.

"बाई, गुणवंताची कोणती चांगली हाये?"

अलकानं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग नेहमीसारखीच बोलायला लागली.

"एकच घ्यायची असन तर तिसरी. मंडईत भरलेली आहे, त्याच्यात कापसाच्या गाड्यांचा पट्टा आहे. दुसऱ्या बाजूले मधेच ढोलकी ढिली पडते. ढोलकीवाला कड्या ओढून राहिला, ठेका बंद, आन शाहीर थांबत नाही. बोलतच जाते. मग समोरचे लोकच टाळ्यांनी ठेका धरतात. तेवढ्यासाठी ती पहिली. तिच्या खाली लग्नातली. मग चौथी, मग दुसरी, मग पाचवी."

"आन नवी?"

"नवी सगळ्यात खाली. ढोलकीच्या जागी मशीन लावलं. मशीन चुकत नाही, म्हणून शाहीरही चुकत नाही. कागदावरून वाचल्यासारखा बोलते. आन बोलणंही आपलं नाही ठेवलं, कोणी तरी पुस्तकी करून दिलं. 'करून राहिलो' म्हणणारा माणूस 'करीत आहे' म्हणते. ऐकवत नाही."

आजूबाजूला दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातल्या एकानं त्या माणसाकडे नीट पाहिलं आणि हळूच दुसऱ्याला कोपर मारलं. अनिल आतून उठून आला आणि दारातच थबकला. कॅसेटीच्या कव्हरवर फेटा बांधलेला, रंग चढवलेला फोटो होता. फेटा आणि रंग काढला तर माणूस समोर उभा होता.

"बाई," गुणवंता म्हणाला, "तुम्ही कधी माही गंमत पाह्यली का?"

"नाही पाहिली."

"एकही?"

"बायांले कोण नेते, शाहीर?"

शाहीर म्हटल्यावर तो जरा गडबडला. ओळखलेलं आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तरीही हिनं एक शब्द मागे घेतला नाही हेही.

"मग गंमत न पाहता नंबर देऊन राह्यल्या तुम्ही?"

"गमतीले कुठं दिले? मी कॅसेटींले दिले. तुमची गंमत पाहणारे पुष्कळ आहेत. कॅसेटी इतक्या ऐकणारी कोणी असन तर आणा, मी त्याच्याशी बोलते."

कोणीतरी हसलं. गुणवंताचा चेहरा उतरला नाही, पण आवाज कडक झाला. "दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई हाये. भरदुपारी गंमत हाये. या. पाहा. मग नंबर द्या."

"येते," अलका म्हणाली.

तो गेल्यावर अनिल म्हणाला, "तुले कधी कळलं तो गुणवंता आहे म्हणून?"

"पहिल्या शब्दाले. 'बाई' म्हणाला तेव्हाच."

"आन तरी बोलली?"

"त्यानंच विचारलं न. गिऱ्हाइकाले एक सांगू आन शाहिराले दुसरं, असं कसं जमन?"

अनिलला वाटत होतं, घरात हे कळलं तर आई बोलेल. आई म्हणजे लीलाबाई. डोक्यावरचा पदर पडू न देणारी, गल्लीत दरारा असलेली बाई. जेवताना त्यानंच भीत भीत विषय काढला. लीलाबाईनं भाकरी ताटात वाढली आणि तिच्या जुन्या, पुरुषी वळणाच्या बोलीत म्हणाली, "मीही येतो. माह्या माहेरी मी भिंतीआडून ऐकत होतो गंमत. पाहिली कधी नाही. आता मले कोण अडवते?"

मंडईच्या दिवशी तिघं सकाळच्या बसनं निघाले. मैदानात फुगेवाले, जिलेबीचे ठेले, फिरते पाळणे. एका बाजूला बैलगाड्या उभ्या होत्या, त्यांवर काही म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या. लीलाबाई सरळ पुढे गेली, पुरुषांच्या रांगेशेजारी दुपट्टा अंथरला आणि सुनेला म्हणाली, "बस." आजूबाजूचे दोघे-तिघे सरकले. 

पार्टी उभी राहिली. ढोलकीवर एक नवा, गावातलाच तरुण वादक होता. गण झाला, नाच्याचं नाचून झालं, आणि गुणवंतानं गर्दीवरून नजर फिरवली. अलका दिसली तशी त्यानं चाल सोडली.

"पांढुर्ण्याची बाई, तिले दुसरा धंदा नाही,
कॅसेटीचा काटा लावून शाहीर तोलून पाही.
पहिली बरी, दुसरी उणी, सहावीले नाही मोल,
माह्या गळ्याचा भाव सांगते, हिचा कान किती खोल?
बाई, कापूस तोल, संत्री तोल, तोल मिरचीची पोती,
पण तोंडचा वारा तोलायची रीत कोण्या गावी होती?"

मैदान हसून लोटपोट झालं. लोक वळून वळून पाहायला लागले. अनिलनं मान खाली घातली. अलकाची मात्र मान वरच होती. ती हसत नव्हती, चिडलीही नव्हती. डोळे बारीक करून, डेकसमोर बसल्यावर ऐकायची तशी ऐकत होती. पट्टा पुढे गेला. तिच्या दुकानावर, दुकानातल्या उघड्या रेडिओंवर, नवऱ्याच्या पेचकसावर, दुपट्ट्यावर ऐसपैस बसलेल्या सासूवर. एकही ओळ घरून आणलेली नव्हती. दम लागत होता, शब्द एकदोनदा घसरला, आणि घसरलेल्या शब्दावरच त्यानं पुढचं यमक बांधलं.

शेवटच्या ठेक्यावर तो थांबला आणि हात पुढे करून म्हणाला, "द्या बाई जवाब."

अलका उठून उभी राहिली. तिला गाता येत नव्हतं, आणि तसा आव तिनं आणला नाही.

"शाहीर, हे तुमच्या एकाही कॅसेटीत नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "हे भरून ठेवा. हे मशीनवर होत नाही. आन सहावीचा नंबर आहे तोच राहीन."

आता हसणं दुसऱ्या बाजूनं उठलं.  गुणवंतानं तिच्यापुढे मान लववली आणि ढोलकीवाल्याला खूण केली.

पंधरवड्यानं तो पुन्हा दुकानात आला. या वेळी त्यानं कॅसेट मागितली नाही. बाकावर बसला.

"कंपनीले बोललो. ते म्हणतात मंडईत जाऊन भरायले आता आमाले परवडत नाही. स्टुडिओत या, मशीन हाये, दोन तासांत मोकळे."

"मग इथं भरू," अलका म्हणाली. आत अनिलच्या हातातलं सोल्डरिंग थांबलं. "हे भरतीन. डेक आहे, दोन माईक आणू. पण माही एक गोष्ट ऐकावी लागन. तिसरीतला ढोलकीवाला पाहिजे."

गुणवंताचा चेहरा पडला. तिसरीतला ढोलकीवाला नथ्थू. जाम नदीचा पूल ओलांडला की सावरगावात त्याचं घर. वीस वर्षं दोघं बरोबर होते. सहावीच्या वेळी कंपनीनं मशीन आणलं, तेव्हा नथ्थू नागपुरात स्टुडिओबाहेर ढोलकी मांडीवर घेऊन बसून राहिला होता, आणि त्याला आत कोणी बोलावलं नव्हतं. तेव्हापासून तो गमतीला येत नव्हता.

"तो नाही येणार," गुणवंता म्हणाला.

"तुम्ही बोलावलं का?"

"काय तोंडानं बोलावू?"

"ज्या तोंडानं हजार माणसांसमोर माही फजिती केली त्याच. पुलाच्या पलीकडंच तर आहे."

 अलकानं त्याला चहा दिला, आणखी काही समजावलं नाही. गिऱ्हाईक आलं तसं त्याच्याकडे वळली. शेवटी गुणवंता उठला आणि नदीच्या बाजूनं चालायला लागला. त्या दोघांत काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही. गुणवंता सांगत नव्हता. नथ्थूनं पुढे एवढंच सांगितलं, की शाहीर दारात उभा राहिला आणि त्याला एकही यमक सुचेना, म्हणून आपल्याला दया आली.

भरायला जागा अलकानं ठरवली. सौंसरला वडिलांच्या बागेत संत्र्याच्या पेट्या भरायची शेड होती. संत्र्यांचा तोडा चालू होता, पेट्यांत तणस घालून संत्री रचणाऱ्या बाया होत्या, हमाल होते. ऐकणारी माणसं असल्याशिवाय पट्टा होत नाही, हे तिनं मंडईत पाहिलं होतं. रघुनाथराव आधी नाही म्हणाले. माझ्या बागेत गंमत नको.

"गंमत नाही, बाबा, भरणं आहे," अलका म्हणाली. "आन चावट वाटलं तर तुम्ही तिथंच थांबवा. मी काही म्हणणार नाही."

रघुनाथराव थांबवायच्या तयारीनं खुर्ची टाकून बसले.

अनिलनं पेट्यांवर डेक ठेवला, माईक दोऱ्यांनी शेडच्या वाशाला टांगले. गुणवंतानं घसा साफ केला, नथ्थूनं थाप दिली, आणि पट्टा सुरू झाला. अलकानं थोडा वेळ ऐकलं आणि हात वर केला.

"थांबा. परत."

"काय चुकलं?"

"काहीच नाही चुकलं. तेच तर. माइकाकडे पाहून बोलून राहिले तुम्ही. बायांकडे पाहा."

दुसऱ्यांदाही तिनं थांबवलं. गुणवंताच्या कपाळाला आठी पडली. नथ्थू ढोलकीवर वाकून हसत होता. तिसऱ्यांदा गुणवंता चिडलाच, आणि त्या चिडण्यातच त्यानं समोरच्या बाईच्या हातातल्या संत्र्यावर पहिली ओळ टाकली. मग हमालावर, मग शेडच्या गळक्या पत्र्यावर. बाया पेट्या भरायच्या थांबल्या. नथ्थूनं ठेका वाढवला, गुणवंता त्याच्या पुढे पळाला, नथ्थूनं त्याला गाठलं. पुष्कळ दिवसांनी भेटलेली दोन माणसं एकमेकांशी भांडावी तसे ते दोघं वाजवत आणि बोलत राहिले. मग गुणवंताची नजर खुर्चीवर गेली. बागायतदाराच्या गोल टोपीवर, करड्या मिशीवर, आणि चावट शब्दाची वाट पाहत बसलेल्या त्याच्या कानावर त्यानं आठ ओळी केल्या. रघुनाथराव पहिल्या दोन ओळींना गंभीर होते. पुढे त्यांना टोपी काढून डोळे पुसावे लागले. त्यांचं हसणं कॅसेटीत स्पष्ट आलं. अनिलनं ते काढून टाकू का विचारलं, तर अलका नको म्हणाली.

ही सातवी. कव्हरवर अनिलनं बागेचाच एक फोटो लावला. त्यात गुणवंता आणि नथ्थू दोघं होते. पांढुर्णा, सौंसर, पार तिकडे काटोलपर्यंत लोकांनी ती नेली. डेक दिवसभर चालू असायचे. ज्या घरांतल्या बायकांनी गंमत कधी पाहिली नव्हती, त्या घरांत ती जास्त वाजली. पुढच्या मंडईला लीलाबाईनं गल्लीतल्या बायांसाठी मेटॅडोर ठरवली, आणि शेजारच्या देवकाबाईच्या नवऱ्यानं कुरकुर केली तेव्हा त्यालाही मागे बसवून नेलं.

आता जो तो अलकाला विचारायला लागला, सातवीचा नंबर कितवा? सगळ्यांना वाटत होतं, पहिला. तिच्या घरची, तिनं बसून भरून घेतलेली, तिच्या वडिलांचं हसणं असलेली.

"दुसरा," अलका म्हणायची.

गुणवंताच्या कानावर हे गेलं तसा तो बस धरून आला. नथ्थूलाही सावरगावाहून बोलावून घेतलं, साक्षीला.

"काय कमी हाये सातवीत?"

"कमी काही नाही."

"मग दुसरा काऊन?"

"सातवीत तुम्हाले माहीत होतं मी ऐकून राहिली म्हणून. तिसरीत तुम्हाले कोणाचीच पर्वा नव्हती. ढोलकी बंद पडली त्याचीसुद्धा."

गुणवंतानं नथ्थूकडे पाहिलं. "खरं हाये," नथ्थू म्हणाला. "तवा मी शिव्या देऊन राह्यलो होतो तुले, थांब म्हणून. तू ऐकलंच नाही."

 गुणवंतानं दोनदा चहा मागवला.

सातवी चालली तशी नागपूरची कंपनी स्वतःहून आली. गुणवंतानं नथ्थूशिवाय येत नाही म्हणून सांगितलं, आणि मशीन बंद राहिलं. आठवी निघाली एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात. तिची पहिली प्रत घेऊन गुणवंता सकाळीच दुकानात हजर झाला. अलकानं त्याला बाहेर बाकावर बसवलं, कॅसेट लावली, आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत एकाही गिऱ्हाइकाशी ती बोलली नाही. बाहेर गुणवंता पान खात होता, उठत होता, बसत होता.

अलका बाहेर आली. "चांगली आहे. नथ्थूभाऊ बहारदार. लग्नातल्या कॅसेटीच्या खाली ठेवते, म्हणजे चौथी."

"चौथी?" गुणवंता उभा राहिला. "बाई, दुसऱ्या बाजूचा तो बसचा पट्टा नाही ऐकला तुम्ही? त्याच्या जोडीचं काय हाये लग्नातल्या कॅसेटीत?"

"लग्नातल्यात दम आहे."

"लग्नातल्यात मी पोरगा होतो."

"म्हणूनच."

दोघांची जुंपली. बोलता बोलता सौंसरची बस निघून गेली, आणि पुढची स्टँडवर लागली तरी शाहीर हलेना. शेवटी अनिलनं त्याला स्टँडवर सोडायला लुना काढली. मागच्या सीटवर उंच गुणवंता गुडघे बाहेर काढून बसला. गल्लीच्या वळणापर्यंत तो मान वळवून ओरडून सांगत होता, बसचा पट्टा पुन्हा ऐका म्हणून.

अलकानं आत जाऊन बसचा पट्टा पुन्हा लावला. नीट ऐकला. आवडलाही. मग आठवीच्या प्रती कपाटात लावल्या, आणि दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा आठवीचा नंबर चौथाच सांगितला.